सराटा, गोखरू, कुसळ : मराठवाड्यातील टोचऱ्या गवतांची नावे

परतीचा पाऊस थांबला, सोयाबीनच्या राशी झाल्या आणि माळावरचे गवत पिवळे पडू लागले की मराठवाड्यात काट्यांचे दिवस सुरू होतात. बांधावरून चालून आलेल्या माणसाच्या धोतराला, पायजम्याला, लुगड्याच्या काठाला काही ना काही चिकटलेले असतेच. एखादे उभे सुईसारखे घुसते, एखादे आकडे रोवून बसते, एखादे थेट टाचेतच मोडते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत या सगळ्यांसाठी तीन शब्द प्रामुख्याने कानावर येतात : कुसळ, सराटा आणि गोखरू. शब्द इतके रोजचे आहेत की त्यांना इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण या तीन नावांच्या मागे लागले, तर वाट आयुर्वेदाच्या निघंटूंतून, युनानी हकिमांच्या पुड्यांतून, निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवरून आणि थेट आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत जाते. वाटेत एक गंभीर प्रश्नही उभा राहतो : एकच नाव दोन वनस्पतींना मिळाले आणि त्यांतली एक खाण्याची व दुसरी जीव घेणारी असली, तर काय होते?

आधी ‘गवत’ या शब्दाचा उलगडा करायला हवा. वनस्पतिशास्त्रात गवत म्हणजे ज्वारी, बाजरी, ऊस, हरळी यांचे कूळ. आपल्या बोलीत मात्र न पेरता उगवलेले, जनावराने खाल्लेले किंवा खुरप्याने काढून टाकायचे असे सगळेच गवत. म्हणून तर गाजरगवत हे गवताच्या कुळातले नसूनही गवतच झाले. सूर्यफुलाच्या कुळातली ही अमेरिकन वनस्पती पुण्यात आढळल्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि बघता बघता ‘काँग्रेस गवत’ हे तिचे नाव महाराष्ट्रभर झाले. सराटा आणि गोखरू यांचेही तसेच. शास्त्राच्या हिशेबाने ही दोन्ही गवते नव्हेत; खुरपणाऱ्या बाईच्या हिशेबाने दोन्ही गवतच. या लेखात दुसरा हिशेब धरला आहे, कारण नावे त्या हिशेबातून जन्मली आहेत.

कुसळ : सुई आणि शेपूट

तिघांत खरेखुरे गवत एकच, ते म्हणजे कुसळी. शास्त्रज्ञ तिला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हणतात; यातल्या ‘कॉन्टॉर्टस’चा अर्थ पिळलेला. दख्खनच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर, बालाघाटाच्या उतारांवर, कंधार-लोह्याच्या माळांवर हे गवत भरपूर येते. दाण्याच्या एका टोकाला सुईसारखी अणी आणि तिच्यावर मागे वळलेली बारीक लव असते. दुसऱ्या टोकाला लांब, पिळलेली शेपटी. ही शेपटी ओल लागली की उलगडते आणि सुकली की पुन्हा पिळली जाते. त्या फिरकीने दाणा जमिनीत स्क्रूसारखा शिरतो आणि मागे वळलेली लव त्याला परत बाहेर येऊ देत नाही. अशा बियांची ही करामत चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने १८७६ साली एका निबंधात मांडली. धनगराला ती निबंधावाचून ठाऊक होती. कारण दाण्याला जमीन आणि मेंढीची कातडी यांतला फरक कळत नाही. लोकरीत अडकलेले कुसळ त्याच फिरकीने कातडीत शिरते, जखम होते, कातडे बाजारात उतरते.

म्हणून कुसळीला वेळापत्रक आहे. कोवळी असताना ती चांगली वैरण; कुसळे पक्व झाली की तोंडाला, हिरड्यांना इजा करणारी; आणि कुसळे गळून गेली की पुन्हा, जरा निकृष्ट का होईना, चारा. नुसते ‘हे गवत कुसळीचे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला कापणी कधी करायची आणि कळप कधी वळवायचा हे कळत असे. नाव हे इथे निव्वळ ओळखीचे लेबल नाही, त्यात कामाची सूचना भरलेली आहे.

या शब्दाची भाषेतली पाळेमुळेही खोल आहेत. गव्हाच्या ओंबीवरचा राठ केस म्हणजे कुसळच, आणि माळावरच्या गवताला नाव मिळाले ते त्याच्या सर्वांत त्रासदायक अवयवावरून. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातले त्याच अर्थाचे प्रसिद्ध वचन मराठीत आणतानाही कुसळ आणि मुसळ हीच जोडी वापरली गेली. म्हणीची निवड अचूक आहे. उफणणी-मळणीच्या दिवसांत डोळ्यात खरोखर जाते ते कुसळच, आणि ते काढायला दुसऱ्याचाच डोळा आणि पदराचे टोक लागते.

याच कुसळीने हवाई बेटांवर घरे शाकारली जात. तिथे तिचे नाव ‘पिली’. ऑस्ट्रेलियात मेंढपाळांनी तिला भाल्याचे गवत म्हटले. शाकारणाऱ्याने आणि मेंढपाळाने एकाच गवताला दिलेल्या नावांतून त्यांचे त्या गवताशी असलेले नाते उघड होते. मराठवाड्यात दोन्ही नाती होती, पण नाव टिकले ते टोचण्याचे.

कुसळीखेरीज गवताच्या कुळात कपड्याला चिकटणारी आणखीही मंडळी आहेत. राळ्याचा एक रानटी भाऊबंद आहे. त्याच्या कणसावरचे केस उलट्या दातांचे असल्याने कणीसच्या कणीस बाहीला लटकून येते. रस्त्याच्या कडेला वीतभरही न वाढणारे ट्रॅगस नावाचे बारीक गवत आहे. त्याचे दाणे म्हणजे नखाएवढीही नसलेली आकड्यांची बोंडे. यांना गावोगाव ‘चिकटणारे’ एवढ्याच अर्थाच्या शब्दांनी भागवले जाते. कारण साधे आहे. ही गवते त्रास देतात, पण इजा करत नाहीत. जे इजा करते, त्यालाच भाषा नीट नाव देते.

सराटा : एक काटा, पाच भाषा

इजा करण्यात सराट्याचा हात कोणी धरणार नाही. जमिनीला चिकटून पसरणारा वेल, हरभऱ्याची आठवण करून देणारी बारीक जोडपाने, पाच पाकळ्यांचे पिवळे फूल; दिसायला गरीब. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे व दोन लहान काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर येतोच. लिनियसने १७५३ साली त्याला ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस हे नाव दिले. हा ट्रिब्युलस मूळ ग्रीक, अर्थ तीन टोकांचा. आणि युरोपात याच शब्दाने घोडदळाच्या वाटेवर फेकायचे लोखंडी काटेही ओळखले जात. आपल्याकडेही हाच विचार झाला होता. हिंदीच्या मोठ्या कोशांत ‘गोखरू’ या शब्दाखाली वनस्पतीबरोबर हत्तीच्या वाटेत पसरायच्या लोखंडी काट्यांचाही अर्थ मिळतो, आणि शेजारीच जरीच्या काठाचा व हातातल्या दागिन्याचाही. एकाच फळाच्या आकारावरून लढाईचे हत्यार आणि लग्नातल्या वस्त्राची किनार अशी दोन्ही नावे पडली.

संस्कृतात सराट्याला गोक्षुर म्हणतात, त्यावरून गोखरू. गाईच्या खुरासारखा म्हणून, किंवा गाईच्या खुराला वस्तऱ्यासारखा कापणारा म्हणून, अशी दोन्ही स्पष्टीकरणे दिली जातात. श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याचा दात आणि त्रिकंटक ही त्याचीच पर्यायी नावे. दशमुळांतले एक मूळ याचेच. मूत्रविकारांवरचे औषध म्हणून गोक्षुराची ख्याती मोठी. गोक्षुरादि गुग्गुळ आजही कोणत्याही आयुर्वेदिक दुकानात मिळतो.

म्हणजे मराठीत या एका वनस्पतीला दोन नावे आली आणि त्यांनी कामाची वाटणी करून घेतली. सराटा हे पायाचे नाव : शेतात, वाटेवर, अनवाणी चालणाऱ्याच्या तोंडी. गोखरू हे पुडीचे नाव : वैद्याच्या, काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी. ‘पायात गोखरू मोडला’ आणि ‘सराट्याचा काढा घे’ ही दोन्ही वाक्ये कानाला जराशी परकी वाटतात, ती या वाटणीमुळे.

नांदेड-लातूरकडे तर नावे दोनावर थांबत नाहीत. हा मुलूख तीन भाषांच्या सांध्यावर आहे. बिलोली, धर्माबाद, देगलूर ओलांडले की तेलुगू. उदगीर, निलंगा ओलांडले की कन्नड. तेलुगूत सराट्याला ‘पल्लेरु’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘नेग्गिलु’. तमिळमधला ‘नेरुंजि’ हा कन्नड शब्दाशी नाते सांगतो. त्यात निजामाच्या राजवटीने चौथा प्रवाह आणला. हकिमांच्या परंपरेत सराट्याचे नाव फारसी, ‘खार-ए-खसक’. खार म्हणजे काटा. सराट्याला ‘खुर्द’, म्हणजे लहान, आणि पेडॅलियम म्युरेक्स या जातीला ‘कलां’, म्हणजे मोठा, असे युनानी ग्रंथांनी वेगळे केले. मराठीतही त्या दुसऱ्या जातीला ‘मोठे गोखरू’ किंवा ‘हत्ती चराटे’ म्हणतात. तिची ओली फांदी पाण्यात फिरवली की पाणी बुळबुळीत होते, ही तिची खूण. अशा रीतीने सराटा, गोखरू, पल्लेरु, नेग्गिलु आणि खार-ए-खसक ही पाच नावे एका जिल्ह्याच्या अंतरात एकाच काट्याला लाभलेली दिसतात. देवणी बैलांच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारे एकत्र येत, तिथे काटा एकच असे, शिवी मात्र ज्याची त्याच्या भाषेत.

दुसरा गोखरू

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. गुंता सुरू होतो तो तिसऱ्या वनस्पतीपासून. ओढ्याकाठी, तळ्याच्या गाळात, उकिरड्याजवळ, सडकेच्या कडेला कमरेएवढे उभे वाढणारे एक झाड आहे. पाने रुंद, खरखरीत, कातरलेली. फळ बोराच्या बीएवढे, लांबट, सगळ्या अंगावर आकडे आणि टोकाला दोन शिंगे. शास्त्रीय नाव झँथियम स्ट्रुमॅरियम. वनौषधींच्या ग्रंथांत याला शंकेश्वर म्हटले आहे. दोन शिंगांवरून पडलेले दुमुंडी असेही एक नाव नोंदलेले आहे. पण बोलीत याला सर्रास म्हणतात ते गोखरूच. शेळीच्या केसांत, बैलाच्या शेपटीच्या गोंड्यात, शाळकरी पोरांनी एकमेकींच्या वेण्यांत मारलेले ते हेच गोखरू.

नाव का घसरले असावे, हे समजण्यासारखे आहे. नवी वनस्पती पुढे आली की भाषा बहुधा ओळखीच्या नावाला हात घालते. मेक्सिकोहून आलेला काटेरी, पिवळ्या फुलांचा आर्जेमोन आपल्याकडे ‘पिवळा धोत्रा’ झाला. अमेरिकेतला प्रोसोपिस ‘वेडी बाभूळ’ झाला. क्वचित एखाद्या पाहुण्याला स्वतःचे नाव मिळते. फळाला दोन वाकडी नखे असलेली अमेरिकेची मार्टिनिया आपल्याकडे विंचू किंवा वाघनखी झाली, कारण तिच्यासारखे दुसरे काहीच इथे नव्हते. शंकेश्वर इथे कधीपासून आहे याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, तरी आज जगभर पसरलेल्या झँथियमांचे मूळ बहुतेक जण अमेरिकेत पाहतात. काटेरी फळ दिसले, गोखरू हा शब्द हाताशी होता, चिकटवला. मात्र पिवळा धोत्रा आणि वेडी बाभूळ यांना जसे विशेषण मिळाले, तसे या गोखरूला मिळाले नाही. विशेषणाने सावध केले असते.

या झाडाची आणखी दोन वैशिष्ट्ये सांगण्याजोगी आहेत. एका बोंडात दोन बिया असतात. एक साधारणपणे पहिल्याच पावसाळ्यात उगवते, दुसरी मागे राहते. एका वर्षी सगळी रोपे उपटली तरी पुढच्या वर्षी शेत पुन्हा गोखरूने भरते, त्याचे हे कारण. दुसरे, ते रात्रीची लांबी मोजते. १९३८ साली अमेरिकेत कार्ल हॅम्नर आणि जेम्स बॉनर यांनी याच वनस्पतीवर प्रयोग करून दाखवले की तिला फुलायला पुरेशी लांब, अखंड अंधारी रात्र लागते. रात्र मध्येच थोड्या उजेडाने तोडली तर ती फुलत नाही. वनस्पतींच्या कालज्ञानाचा अभ्यास ज्या मोजक्या जातींवर उभा राहिला, त्यांत आपल्या उकिरड्यावरचे हे गोखरू आहे. अमेरिकेत सोयाबीनच्या शेतातले एक अतिशय चिवट तण म्हणूनही ते ओळखले जाते. सोयाबीनच्या बाजारपेठेमुळे नाव झालेल्या लातूरला हे ध्यानात ठेवायला हवे.

नोंदी कुणी केल्या, कुठपर्यंत केल्या

या नावांची झाडाझडती पूर्वी का झाली नाही? उत्तर बरेचसे राजकीय नकाशात आहे. मराठी शब्दांचा पहिला मोठा साठा, मोल्सवर्थचा कोश, मुंबई सरकारच्या आश्रयाने १८३१ साली निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. वनस्पतींच्या बाबतीत डाल्झेल आणि गिब्सन यांची ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आली. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची सिद्ध केली आणि तीत देशी नावेही दिली. ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी १९३५ साली मुंबईच्या गवतांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही सगळी कामे मुंबई इलाख्याला धरून झाली, आणि इलाख्याची हद्द जिथे संपत होती तिथे निजामाची सुरू होत होती. नांदेड जिल्हा निजामाकडे. लातूर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तोही निजामाकडे. सोलापूरच्या माळावरच्या गवताचे मराठी नाव छापले जात होते. त्याच गवताला औसा-निलंग्याला काय म्हणतात हे विचारायला कुणी फारसे जात नव्हते.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तोपर्यंत बीदर जिल्ह्यात होते, ते उस्मानाबादला जोडले गेले. नांदेडचा मुधोळ-भैंसा भाग आंध्रात गेला. लातूर हा वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. सीमा अशा तीन वेळा हलल्या आणि प्रत्येक वेळी काही बोली कोणत्याच भाषेच्या पाहणीत पुरत्या मावल्या नाहीत. उदगीरच्या शेतकऱ्याची मराठी बीदरच्या कन्नड अभ्यासकाच्या कामाची नव्हती, आणि पुण्याच्या मराठी कोशकाराला ती दूर होती. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ पासून प्रांतोप्रांतीचे शब्द गोळा करण्याचा मोठा उद्योग केला, पण तोही संस्थानाच्या सीमेबाहेर बसूनच.

मराठवाड्याच्या वनस्पतींचे पद्धतशीर काम उभे राहिले ते औरंगाबादच्या विद्यापीठात, प्रा. व्ही. एन. नाईक यांच्या हातून. त्यांची उस्मानाबाद जिल्ह्याची वनस्पतिसूची १९७९ साली प्रसिद्ध झाली. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात असल्यामुळे ती लातूरचीही पहिली मोठी सूची ठरते. १९९८ साली सबंध मराठवाड्याची सूची आली. या ग्रंथांमुळे कोणती जात कुठे वाढते हे पक्के झाले. पण जातींची यादी आणि नावांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच जातीला नायगावात काय म्हणतात, किनवटला काय म्हणतात, धनगराच्या वाड्यावर काय म्हणतात आणि वैदूच्या पालावर काय म्हणतात, याची विचारपूस हे वनस्पतिशास्त्राइतकेच भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि दोघांनाही ते आपले वाटले नाही.

काट्यांचा प्रवास

काटेरी बोंड म्हणजे बीला मिळालेले पाय. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी बैल, शेळ्या-मेंढ्या लांबलांबून येतात. त्यांच्या केसांत, खुरांच्या बेचक्यात माळामाळाचे बी येत असणार, आणि जत्रा उठली की नव्या वाटांनी जात असणार. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कातरण्यापूर्वी मेंढ्या धुवायच्या, मग लोकर पिंजायची. घोंगडीच्या लोकरीतून गोखरू निवडून काढणे हा त्यातला सर्वांत कंटाळवाणा भाग.

हाच व्यवहार मोठ्या प्रमाणात झाला तेव्हा काय घडले, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. मोंपेलिए शहराजवळ पोर्त जुव्हेनाल येथे देशोदेशीची लोकर धुऊन वाळत घालत. लोकरीतून गळलेल्या बिया तिथेच रुजल्या, आणि गोद्रों या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५३ साली तिथल्या परदेशी वनस्पतींची एक स्वतंत्र सूचीच प्रसिद्ध केली. त्यांची संख्या शेकड्यांत होती. आपला सराटाही असाच अमेरिकेत पोचला. तिथे त्याला पंक्चरवेल म्हणतात, कारण अनवाणी पायांऐवजी तिथे सायकलीचे टायर होते. त्याला आवर घालण्यासाठी १९६१ साली इटलीतून दोन जातींचे सोंडे नेऊन सोडावे लागले.

काटा आणि भूक यांचेही नाते जुने आहे. राजस्थानच्या वाळूत भुरट नावाचे गवत आहे, सेंक्रस कुळीचे. ग्रीक भाषेत केंख्रोस म्हणजे बारीक भरडधान्य. कुळीच्या नावातच धान्य आहे. भुरटाची बोंडे पायात रुततात, पण दुष्काळात त्याचेच दाणे बाजरीत मिसळून भाकरी केली जाई. सहाराच्या दक्षिणेला १८५० ते १८५५ या काळात फिरलेला जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ अशाच गवताच्या काट्यांनी हैराण झाला. तिथला प्रत्येक जण काटे उपटायला एक लहानसा चिमटा जवळ बाळगतो, आणि याच गवताचे दाणे लोक खातात, अशा दोन्ही नोंदी त्याने केल्या. याच सेंक्रसाची दुसरी जात म्हणजे आपले अंजन गवत. तिचे बोंड मऊ, टोचत नाही. दख्खनात ती उत्तम वैरण म्हणून मुद्दाम पेरतात. तीच जात ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या ॲरिझोनात मोकाट सुटली आहे आणि तिथले लोक ती उपटून काढायला मोहिमा काढतात. गवत वाईट की चांगले, हे गवतात नसते. ते कुणाच्या रानात आहे यावर ठरते.

नाव चुकले तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सराट्याचा कोवळा पाला महाराष्ट्रात रानभाजी म्हणून खाल्ला जातो. अलीकडच्या वर्षांत रानभाज्यांना पुन्हा मान मिळाला, हे चांगलेच झाले. पावसाळ्यात कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, शहरांतल्या बायका उत्साहाने कृती उतरवून घेतात, मोबाइलवर याद्या फिरतात. त्या याद्यांत ‘गोखरूची भाजी’ असे लिहिलेले असू शकते. भाजी सराट्याची असते. पण वाचणाऱ्याच्या ओळखीचा गोखरू ओढ्याकाठचा, शंकेश्वर, असू शकतो.

शंकेश्वराचे बी आणि नुकते उगवलेले दोन दलांचे रोप विषारी असते. त्यातले द्रव्य यकृतावर घाला घालते. खरी पाने फुटत जातात तसे विषाचे प्रमाण कमी होते. पहिल्या पावसानंतर हिरव्या कोंबांवर तुटून पडणारी वासरे, डुकरे यांच्यावर यामुळे प्रसंग ओढवल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदलेली आहेत. माणसांचे उदाहरण फार दूरचे नाही. २००७ च्या नोव्हेंबरात बांगलादेशाच्या सिल्हेट भागात, पुरानंतर अन्नाची टंचाई असताना, गरीब कुटुंबांनी ‘घागरा शाक’ म्हणून याच झाडाची कोवळी रोपे शिजवून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यांतले १९ दगावले. ते झाड त्यांना अनोळखी नव्हते. त्याला गावात नाव होते आणि नावापुढे शाक, म्हणजे भाजी, हा शब्दही होता. कोणत्या अवस्थेत खाऊ नये ही सूचना मात्र त्या नावात नव्हती.

सराटाही अगदी निरुपद्रवी नाही. दक्षिण आफ्रिकेत तो फार चरलेल्या मेंढ्यांना उन्हाने तोंड सुजण्याचा, कावीळ होण्याचा रोग होतो. तिथल्या शेतकऱ्यांच्या भाषेत त्याला ‘पिवळे सुजलेले डोके’ अशा अर्थाचे नाव आहे. पुन्हा तेच : मेंढपाळाने रोगाचे नाव लक्षणावरून ठेवले आणि नावातच निदान ठेवून दिले.

गोंधळ औषधांच्या बाजारातही आहे. ‘गोखरू’ या एका शब्दाखाली सराटा, मोठे गोखरू आणि शंकेश्वर अशा तीन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती येतात. जाणता वैद्य फळ पाहून ओळखतो : पाच तुकड्यांचे ते सराट्याचे, चार काट्यांचे अखंड ते मोठ्या गोखरूचे, आकड्यांनी भरलेले दोन शिंगांचे ते शंकेश्वराचे. भुकटी झाल्यावर ही ओळख संपते. लॅटिन नाव इथे उपयोगी पडते हे खरे. प्रत्येक जातीला एकच नाव, जगभर तेच. पण लॅटिन नाव भाजी खुडणाऱ्या बाईच्या तोंडी येणार नाही. तिच्या भाषेतच तो फरक सांगणारा शब्द हवा, आणि मराठवाड्यात तो होताच. सराटा हा शब्द शंकेश्वराला कुणी लावत नाही. पायाचे नाव पुडीच्या नावापेक्षा काटेकोर निघाले. रानभाज्यांच्या याद्या करणाऱ्यांनी ‘गोखरू’ खोडून ‘सराटा’ लिहिले, तरी निम्मा धोका टळेल.

उरलेल्या निम्म्यासाठी थोडे कष्ट करावे लागतील. माळ नांगरले जात आहेत, कळप कमी होत आहेत, आणि तणनाशकाच्या बाटलीवर ‘रुंद पानांचे तण’ व ‘अरुंद पानांचे तण’ एवढे दोनच वर्ग असतात. बाटलीला तेवढे पुरतात. शेतात फवारणाऱ्यालाही हळूहळू तेवढेच पुरू लागतात. खुरपे चालवणाऱ्या हाताला प्रत्येक रोप वेगळे दिसत होते, कारण प्रत्येकाला वेगळे धरावे लागत होते. ते हात आज साठीच्या पलीकडे आहेत.

नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, प्रत्येक तालुक्याला महाविद्यालय आहे. मराठीच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक-एक जोडी करून गावोगाव पाठवली, तर दोन पावसाळ्यांत हे काम उभे राहू शकते. पद्धत अवघड नाही. वनस्पतीचा नमुना फुला-फळांसह वाळवून ठेवायचा. त्याच्यासमोर सांगणाऱ्याने जसा उच्चारला तसा शब्द लिहायचा. गाव, वय, व्यवसाय आणि घरची भाषा नोंदवायची. आणि शेवटी हे गवत कशाला चालते, कधी चालत नाही, हे विचारायचे. शब्द नमुन्यावाचून घेतला तर पुन्हा गोखरूचाच घोळ होईल. नमुना शब्दावाचून घेतला तर तो कपाटात पडून राहील.

काम सुरू करायला जून बरा. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की ओढ्याच्या काठी शंकेश्वराची जाड, लांबट, चकचकीत दोन दलांची रोपे दाटीने उगवलेली दिसतात. वासरू तिकडे वळले की त्याला हाकणारी म्हातारी कुठल्याही गावात अजून भेटते. तिला आधी त्या रोपाचे नाव विचारावे, आणि मग तिने वासरू का हाकलले, ते.